पांढरी सहा, बीपीएम १२६

सोलापुरात हळदीच्या रात्री डीजे वाजवणाऱ्या पोराला एकाच कार्यक्रमात चार भाषा सांभाळाव्या लागतात. पूर्व भागातलं पद्मशाली घर असेल तर तेलुगू गाणं हवंच. अक्कलकोटकडचे पाहुणे कन्नड गाण्याची फर्माईश करतात, नवरदेवाचे मित्र ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय जागचे हलत नाहीत आणि मधूनच कुणीतरी एखाद्या हिंदी गाण्याचा टेक्नो रिमिक्स मागतो. प्रत्येक गाण्याचा वेग वेगळा आणि पट्टीही वेगळी. एक गाणं संपलं की दुसरं लावायचं एवढंच काम असेल तर त्याला मोबाइलही पुरतो. एका गाण्यातून दुसऱ्यात असं जायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबू नये आणि ऐकणाऱ्याच्या कानाला खटकू नये, हे खरं कसब. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, लय आणि सूर. जगभरचे डीजे हे गणित आकड्यांच्या चक्रावरून शिकतात. आपल्याकडे पेटीवाल्याला आणि ढोलकीवाल्याला ते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इथल्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी, असं मला ठामपणे वाटतं.

आधी लय. तिचं माप म्हणजे बीपीएम, म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ह्वान अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तरुणांनी यंत्रांवर जे संगीत घडवलं, त्याला पुढे टेक्नो हे नाव पडलं. त्याचा वेग साधारण १२० ते १५० बीपीएम. प्रत्येक मात्रेवर जाड, बसका ठोका पडतो. डीजे त्याला किक म्हणतात. ही किक एकसारखी पडत राहते, म्हणूनच दोन टेक्नो गाणी एकावर एक ठेवता येतात. आणि म्हणूनच त्यातली बारीकशी चूकही लगेच उघडी पडते.

ती चूक कशी ऐकू येते हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारशेजारचे दोन माग जवळजवळ सारख्याच वेगानं चालत असतात. काही क्षण दोघांचा खटका एकत्र पडतो, मग एक हळूहळू मागे सरतो, दुसऱ्याच्या मधोमध येऊन पडायला लागतो आणि काही वेळानं पुन्हा जुळतो. १२४ आणि १२६ बीपीएमची दोन गाणी एकत्र सोडली की नेमकं हेच होतं. पंधरा सेकंदांत पहिल्याचे ३१ ठोके होतात, दुसऱ्याचे साडेएकतीस. म्हणजे एकत्र सुरू झालेल्या किक पंधराव्या सेकंदाला एकमेकींच्या बरोबर मध्ये पडतात, आणि नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागतात. दोन बीपीएमचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण वाजवताना तो पंधरा सेकंदही टिकू देत नाही.

हा फरक मिटवायचं साधन म्हणजे पिचची सरकपट्टी. टेक्निक्स कंपनीचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली आला आणि १९७९ साली त्याची सुधारलेली आवृत्ती, एमके-२. त्यावर रेकॉर्डचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई. १२४चं गाणं १२६वर न्यायला १.६ टक्के पुरतात. हेडफोनचा एक कान स्पीकरमधल्या चालू गाण्याकडे, दुसरा कान येणाऱ्या गाण्याकडे, आणि बोट सरकपट्टीवर. एक किक दुसरीच्या आधी पडते की नंतर, एवढंच ऐकायचं. आज सॉफ्टवेअरमधलं सिंकचं बटण हे काम करून देतं. तरीही कान तयार करण्यावाचून सुटका नाही. सिंक चालतो तो सॉफ्टवेअरनं गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेघांवर, आणि रेघ चुकीच्या जागी आखली गेली असेल तर यंत्र पूर्ण आत्मविश्वासानं चूकच जुळवून देतं.

आता लय आणि सूर यांची गाठ कुठे पडते ते पाहू. रेकॉर्ड जोरात फिरवली की गाणं जलद होतं, आणि त्याबरोबर सूरही चढतो. साधारण सहा टक्के वेग वाढला की गाणं पेटीवरच्या शेजारच्या पट्टीवर जातं. काळ्या-पांढऱ्या दोन्ही पट्ट्या धरून शेजारची. काळी चारमधलं, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी सा धरलेलं, १२० बीपीएमचं गाणं १२७वर नेलं की ते पांढरी सहात येऊन बसतं. आणि एखादं १००च्या ठोक्यातलं जुनं गाणं सरळ ओढून १२६वर नेलं तर? वेग २६ टक्के वाढला, म्हणजे सूर चार पट्ट्या चढला. पांढरी चारचं गाणं पांढरी सहात गेलं आणि भारदस्त गायकाचा आवाज पोरसवदा झाला.

म्हणून की लॉक आलं. काही यंत्रांवर त्यालाच मास्टर टेम्पो म्हणतात. यात संगणक आवाजाचे अगदी छोटे, सेकंदाच्या काही शतांशांइतके तुकडे करतो. वेग वाढवायचा असेल तर हे तुकडे एकमेकांवर जास्त चढवून बसवतो, कमी करायचा असेल तर काही तुकडे पुन्हा वाजवतो. सूर तिथेच राहतो, फक्त लय बदलते. पण याची किंमत मोजावी लागते, आणि ती आपल्या गाण्यांना जास्त मोजावी लागते. लांब ताणलेला सिंथेसायझरचा स्वर असे तुकडे सहज पचवतो. हलगीचं तसं नाही. हलगीवर पडणारी काडी हा एक लखकन उठणारा, क्षणात विझणारा आवाज असतो. गाणं बरंच संथ करायचं ठरवलं आणि तुकड्याची कड नेमकी त्या काडीवर आली, तर तोच आघात दोनदा वाजतो. ‘कड्’ ऐवजी ‘कडड्’ ऐकू येतं. ढोलकीच्या चाटीचंही तेच होतं, तिची धार बोथट होते. चार-सहा टक्क्यांपर्यंत हे सहसा जाणवत नाही. पंधरा-वीस टक्क्यांना हलगी हलगी राहत नाही.

मग १००च्या आतलं संथ गाणं टेक्नोवर आणायचंच नाही का? आणायचं, पण ओढून नाही, पटीनं. तबल्याच्या शिकवणीतली दुगुन इथे कामाला येते. ६३ बीपीएमचं गाणं १२६च्या किकवर जसंच्या तसं बसतं. गाण्याच्या एका मात्रेत दोन किक पडतात, बस्स. त्याहून रंगतदार म्हणजे दीडपट, आपली आडलय. आपली कितीतरी कोळीगीतं दादऱ्याच्या वळणाची, म्हणजे त्यांच्या प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात. ठोका मिनिटाला ८४ असेल तर असे बारीक आघात झाले २५२. आता १२६चा टेक्नो घ्या. त्याच्या दोन किकच्या मध्ये हाय-हॅटचा एक आघात असतो, म्हणजे त्याचेही २५२. दोन्हींचे बारीक आघात एकमेकांवर नेमके पडतात, फक्त वजन एकात दर तीन आघातांनी पडतं आणि दुसऱ्यात दर दोन आघातांनी. सहा आघातांनंतर दोघं पुन्हा एकत्र येतात. वेग एक टक्काही न बदलता हे जमतं. नाचणारे दोन तट होतात, काही जण कोळीगीतावर झुलत राहतात, काही किकवर उड्या मारतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. रिमिक्स करणाऱ्या मुलांनी यावर जितकं काम करायला हवं तितकं ते करत नाहीत, ही माझी तक्रार आहे. सोपा मार्ग म्हणून ते ठोक्याचे तीन भाग मोडून चारात कोंबतात आणि गाण्याचा झोकाच मारून टाकतात.

ठोके जुळले म्हणजे लय जुळली असंही नाही. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, जुळली पाहिजे. टेक्नोची बांधणी चार मात्रांच्या मापात होते आणि दर आठ मापांनी, म्हणजे ३२ मात्रांनी, त्यात काहीतरी बदलतं. नवा आवाज येतो, किक थांबते, बेस सुरू होतो. केरव्याच्या किंवा भजनी ठेक्याच्या आठ मात्रांची चार आवर्तनं म्हणजे तेवढेच ३२. गाण्याचा मुखडा त्या पहिल्या मात्रेवर सोडला तर तो टेक्नोच्या पोटातून उगवल्यासारखा येतो. तिसऱ्या किंवा सहाव्या मात्रेवर सोडला तर ठोके अगदी जुळलेले असूनही काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना जाणवतं. म्हणून क्लबसाठी बनवलेल्या टेक्नो गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी १६ किंवा ३२ मापांचा नुसता तालाचा भाग ठेवतात. १२६च्या वेगानं १६ मापं म्हणजे साधारण तीस सेकंद. डीजेला आपलं काम उरकायला मिळणारी ही जागा. आपल्या गाण्यांना अशी जागा नसते. वाद्यांचा छोटा तुकडा होतो न होतो तोच गायक मुखडा धरतो. तेव्हा जागा आपणच तयार करायची. वाद्यांच्या तुकड्यातली चार मापं लूपमध्ये टाकली की हवी तेवढी जागा होते.

आता सूर. डीजेंच्या दुनियेत कॅमेलॉट चक्र नावाचं एक साधन आहे. मार्क डेव्हिस यांनी ते आखलं आणि २००६च्या सुमाराला आलेल्या ‘मिक्स्ड इन की’ या सॉफ्टवेअरमुळे ते घरोघरी गेलं. घड्याळासारख्या बारा जागा, आतल्या कड्यात मायनर म्हणजे ‘ए’ आणि बाहेरच्या कड्यात मेजर म्हणजे ‘बी’. नियम इतकाच, की आपल्या आकड्यावर राहा, एक आकडा पुढे-मागे जा किंवा त्याच आकड्यावर आत-बाहेर करा. हजारो मुलं हे पाठ करतात. ते का चालतं हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

पेटी समोर घ्या. ८ए म्हणजे पांढरी सहाचा मायनर, ज्यात सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच येतात. एक आकडा पुढे, ९ए, म्हणजे पांढरी तीन. पांढरी सहाला सा मानलं तर पांढरी तीन हा तिचा पंचम. एक आकडा मागे, ७ए, म्हणजे पांढरी दोन, तिचा मध्यम. चक्रावर शेजारी बसलेल्या पट्ट्यांमध्ये षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम नातं आहे, तंबोऱ्याच्या पहिल्या तारेचं बाकीच्या तारांशी असतं तेच. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या सात स्वरांतले सहा सामाईक असतात, बदलतो फक्त एक. आणि आत-बाहेर करायचं म्हणजे? ८बी हा पांढरी एकचा मेजर, आपला बिलावल थाट. त्याच सात स्वरांत धैवताला सा मानलं की ८ए मिळतो, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. ही सरळसरळ मूर्च्छना झाली. शास्त्रीय संगीताच्या वर्गात दोन वर्षं काढलेल्या मुलीला हे चक्र पाच मिनिटांत कळतं.

चुकीची पट्टी किती खटकते याचाही हिशेब होतो. पांढरी सहाचा मायनर आणि त्याच्या लगतचा काळी पाचचा मायनर घ्या. पेटीवर शेजारी, पण चक्रावर ८ए आणि ३ए, खूप लांब. दोघांत सामाईक स्वर दोनच. वरच्या सप्तकात हे नुसतं बेसूर वाटतं, खालच्या आवाजात ते अंगावर येतं. पांढरी सहाचा खर्जातला स्वर ५५ हर्ट्झ, काळी पाचचा ५८ हर्ट्झच्या थोडा वर. दोन्ही एकदम वाजले की त्यांच्या फरकाइतकी, सेकंदाला तीनहून जास्त, थरथर निर्माण होते. १२६ बीपीएममध्ये किक पडते सेकंदाला २.१ वेळा. म्हणजे ही थरथर ठोक्याशीही जुळत नाही आणि सुराशीही नाही. मिरवणुकीतल्या मोठ्या बेसच्या भिंतींसमोर पोटात जी घुसळण जाणवते, तिच्यात या थरथरीचाही हात असू शकतो. ती टाळायला आवाज वाढवून उपयोग नाही. जाणत्या डीजेचा हात अशा वेळी बेसच्या नॉबवर असतो. येणाऱ्या गाण्याचा बेस पूर्ण काढलेला, वरचे आवाज हळूहळू आत. बत्तीसावी मात्रा संपते, समेवर एक बेस काढतो आणि त्याच क्षणी दुसरा सोडतो. दोन बेस एकत्र कधीच वाजू द्यायचे नाहीत, मग पट्टी जुळलेली असली तरी.

दूरच्या पट्टीवर जायचंच असेल तर मधला मुक्काम शोधायचा. समजा, पांढरी पाचच्या मायनरमधलं, म्हणजे ६एमधलं, १२२चं तेलुगू गाणं चालू आहे आणि पोचायचंय पांढरी सहातल्या १२६च्या टेक्नो रिमिक्सवर. मध्ये पांढरी दोनमधलं, ७एमधलं, १२४चं एखादं मराठी गाणं घातलं की सहावरून सात, सातावरून आठ. सूर एकेक स्वरानं बदलला, लय दोन-दोन ठोक्यांनी चढली. कुणाला काही कळलं नाही, फक्त मांडव तापला.

सॉफ्टवेअर पट्टी सांगतं, त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये, विशेषतः आपल्या गाण्यांच्या बाबतीत. त्याला मेजर आणि मायनर असे दोनच साचे माहीत असतात. पांढरी तीनला सा धरून गायलेली भैरवी घ्या. तिचे सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात, म्हणून सॉफ्टवेअर तिला ८ए किंवा ८बी ठरवून मोकळं होतं. स्वर मोजायला ते चुकत नाही, सा ओळखायला चुकतं. त्याच्या सांगण्यावरून खाली पांढरी सहाचा बेस घातला की गायिकेचा सा बेसच्या पंचमावर जातो, आणि भैरवीची आर्तता निघून जाऊन भलतीच धून ऐकू येते. भैरवासारखा कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र असलेला राग तर दोन्ही साच्यांत बसत नाही. उपाय घरातच आहे. पेटीचा किंवा मोबाइलवरच्या तंबोऱ्याचा सा लावून बघायचा आणि गाण्याच्या नावापुढे आपल्या हातानं पट्टी लिहायची.

राग आणि यंत्राचा ठोका यांचं जमतं हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणाऱ्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. तेव्हा ती रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले लोक चकित झाले, कारण त्याच टीबी-३०३च्या कुरकुरत्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं होतं १९८७ साली. चरणजित सिंग २०१५मध्ये गेले. डीजेच्या दृष्टीनं या रेकॉर्डचं मोल आणखी एक आहे. रागात सा हलत नाही आणि कॉर्ड बदलत नाहीत, त्यामुळे गाणं संपेपर्यंत एकच पट्टी हातात राहते. टेक्नोही बहुतेकदा असाच एका स्वरावर ठाण मांडून असतो. दोघांचा स्वभाव मुळातच जुळणारा आहे.

शेजारच्या गोव्यात मात्र सुरुवातीला या कलेची वाट वेगळी गेली. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांमध्ये उन्हानं रेकॉर्डी वाकायच्या, म्हणून डीजे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर वाजवायचे. त्या यंत्रांवर सहसा वेग बदलायची सोय नसे. ठोक्यावर ठोका ठेवणं अवघड, म्हणून गोवा ट्रान्सच्या कितीतरी गाण्यांना सुरुवातीला आणि शेवटी ठोकाच नसलेले लांब, तरंगते भाग आले, आणि एकातून दुसऱ्यात जाणं सुरावर सोपवलं गेलं.

जुन्या मराठी गाण्यांचा रिमिक्स करताना वेगळीच पंचाईत होते. १९६०-७०च्या दशकातली गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. क्लिक, म्हणजे यंत्राचा एकसारखा ठोका, लावलेली नव्हती, त्यामुळे अंतऱ्यात लय थोडी चढते, मुखड्यावर पुन्हा बसते. सरासरी बीपीएम काढून सिंक दाबला तर दहाव्या मापाला सगळं सुटतं. अशा गाण्याला चार-चार मापांवर खुणा करून हातानं ताणून सरळ करावं लागतं. शिवाय टेपवरून टेपवर उतरताना सूर सरकलेला असतो, दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लटकलेला. पट्टीचे शंभर भाग केले तर दोन टक्के वेगवाढीनं सूर सुमारे ३५ भाग चढतो. म्हणजे की लॉक काढून नुसता वेग दोन टक्के वाढवला तरी असं लटकलेलं गाणं कितीदा तरी नेमकं पट्टीवर येऊन बसतं. इथे जुनी टर्नटेबलची पद्धतच सरस ठरते.

आवाजाच्या पातळीबद्दल एक सांगणं भाग आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि सोलापुरात २०२५ साली डीजेमुक्त शहराची मागणी घेऊन नागरिक पुढे आले. त्यांचा राग योग्य आहे. वर सांगितलेलं सगळं कसब कमी आवाजातच नीट ऐकू येतं. कानठळ्या बसवणाऱ्या बेसखाली पट्टी जुळली काय आणि न जुळली काय, डीजेच्या स्वतःच्या कानालाही ते कळत नाही.

या शहराच्या गणेश विसर्जनाची शान म्हणजे लेझीम. माणसांच्या हातातल्या लेझमीबरोबर आणि हलगीबरोबर टेक्नो वाजवायची वेळ आली तर सिंकचं बटण विसरून जायचं. हलगीवाला रंगात आला की लय वाढवतो. ११०वर सुरू झालेला खेळ बघता बघता १२०वर जातो, आणि तो वाढवतो ते लेझीम खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघून. तिथे लय यंत्राची नाही, त्याची. डीजेनं की लॉक चालू ठेवायचं, म्हणजे वेग चढला तरी पट्टी तिथेच राहते. किक आणि बेस जवळजवळ काढूनच टाकायचे, कारण ते काम हलगी आणि ढोल करतच असतात. उरतात ते वरचे स्वर, सिंथेसायझरची एखादी धून. ती त्याच्या ठोक्यावर ठेवायची आणि एक बोट सतत पिचच्या सरकपट्टीवर, अर्धा अर्धा टक्का, हलगीवाल्याच्या मनगटावर नजर ठेवून.